टिंबांची भिंत

घर एवढंसं असेल असं मला वाटलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी ते पाहिलं: तण काढून साफ केलेली जमीन, कोपऱ्यांत ठोकलेल्या लाकडी खुंट्या, त्यांना ताणून बांधलेली दोरी आणि दोरीखाली चुन्याच्या फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेघा. कागदावरच्या नकाशात हेच घर ऐसपैस दिसत होतं. इथे आभाळाखाली ते एखाद्या रुमालासारखं पडलं होतं, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर यात माणसं मावणार कशी. मी एकटाच आलो होतो. घरी सांगितलं होतं की वाचनालयात जाऊन येतो, आणि ते खरं वाटावं म्हणून परत करायचं पुस्तकही पिशवीत घेतलं होतं. खरं तर आज सकाळी उशिरा सगळे मिळून इथे येणारच होते. काल लेकीने फोन करून आखणी झाल्याचं सांगितलं, आईला घ्यायला गाडी घेऊन येते म्हणाली, आणि मला विचारलं, बाबा, तुम्ही येणार ना? मी म्हणालो, बघू. कुणी काही दाखवलं की त्यावर काहीतरी बोलावं लागतं, आणि मला नेमकं बोलणं सुचतं ते एक-दोन दिवसांनी, बहुतेक दाढी करताना. तेव्हा आधी एकट्याने जाऊन बघून घ्यावं, काय वाटतं ते वाटून घ्यावं आणि मग मुकाट्याने घरी जाऊन बसावं, असा माझा बेत होता.

मी बाहेरून एक फेरी मारली. समोरच्या रेघेत एक जागा मोकळी सोडली होती, म्हणजे तो मुख्य दरवाजा. तिथे आलो आणि चपला काढल्या. काढल्यावर लक्षात आलं की पुढेही मातीच आहे. पुन्हा घातल्या आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. पाहणारं असं एक कुत्रंच होतं. ते स्वयंपाकघरात झोपलं होतं आणि त्याने डोळा अर्धवट उघडून पुन्हा मिटला. स्वयंपाकघर म्हणजे मी अंदाजाने ठरवलेलं. पण छापखान्यात सगळी उमर मुद्रितं तपासण्यात गेल्यामुळे कागदावर जे एकदा पाहिलं ते बरंचसं डोळ्यांपुढे राहतं. ही बैठकीची खोली. इथून जिना वर जाणार. ही न्हाणी. हा मागचा दरवाजा. वर एक खोली लेक-जावयाची, एक नातीची. सगळ्या रेघा सरळ, सलग, हात न थरथरता ओढलेल्या. फक्त बैठकीच्या खोलीला लागून, पूर्वेच्या अंगाला, एक रेघ सलग नव्हती. ती टिंबाटिंबांची होती. चिमूटभर फक्की, मग रिकामी माती, मग पुन्हा चिमूटभर फक्की. नकाशात तिथे एक भिंत होती. त्या भिंतीच्या अलीकडे बैठक आणि पलीकडे आमच्या दोघांची खोली.

एवढंच झालं. चिमटीभर चुना. असं तुटक काही दिसलं की माणसाला काय आठवतं? पावतीवर असतं, इथून फाडा. मी त्या टिंबांकडे बघत उभा राहिलो आणि स्वतःशीच म्हणालो, बरोबर आहे. त्यांनी विचार बदलला असणार. बैठक मोठी होईल, हवा खेळेल, पाहुणेरावळे आले तर बरं. मुद्दाम सांगावंसं वाटतं की मला राग आला नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटतंय म्हणून पुन्हा वाईट वाटलं. गेले कित्येक दिवस मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. 'तुम्ही ती खोली एकच मोठी ठेवा, आम्ही आहोत तिथे सुखात आहोत.' ते मी मनात अनेकदा तपासलं होतं. आधी त्यात 'अगदी' होतं, ते काढलं. मग 'सुखात'च्या जागी 'बरे' घातलं, कारण 'सुखात' म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, खरंच? वाक्य निर्दोष होतं. फक्त ते म्हणायची वेळ येत नव्हती. लेक विचारायची, बाबा, खोलीचं काय ठरलं? आणि तोंडातून यायचं, बघू.

'बघू' हा माझा शब्द आहे. आमच्या घरात तो कुणी म्हटला तर बाकीचे माझ्याकडे बघून हसतात. आणि हिला विचारलं, तुझं काय म्हणणं, तर ही म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. हे वाक्य दिसायला हलकं आहे. उचलायला गेलं की कळतं. आमची भाड्याची जागा सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. खालून वर येताना ही जिन्याच्या वळणावर थांबते आणि टपालपेटीत काही आलंय का ते वाकून बघतेय असं दाखवते. टपालपेटी खाली राहिली, त्या वळणावरून ती दिसतही नाही, हे मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे हिला ठाऊक आहे. तरी मी दर वेळी विचारतो, आलंय का काही? आणि ही म्हणते, काही नाही, चला. हिचे गुडघे आणि माझं 'बघू' यांच्यामध्ये लेकीचं ते घर किती दिवस कागदावरच अडकून राहिलं होतं. मला ते कळत नव्हतं असं नाही. पण मनात एक भीती घर करून होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. मला माझ्यासाठी म्हणून केलेल्या जागेत राहता येईल का, याची ती भीती होती.

कारण आजवर मी राहिलो ते दुसऱ्यांच्या भिंतींच्या मध्ये. त्याबद्दल तक्रार नाही. चांगली माणसं भेटली. एका घरमालकीणबाईंनी तर आमच्या लेकीला स्वतःच्या मांडीवर झोपवलं आहे. पण भाड्याच्या खोलीत माणूस हळूहळू एका मापाचा होतो. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, म्हणून चित्रं कपाटाला टेकून ठेवायची. शेजारी झोपले असतील, म्हणून खोकला उशीत खोकायचा. पुस्तकं पलंगाखाली, ट्रंकेत, कपाटाच्या डोक्यावर, आणि दर वेळी जागा बदलली की त्यांतली काही कुणाकुणाला देऊन टाकायची आणि मग वर्षभर नेमकी तीच हवी व्हायची. छापखान्यातही माझं टेबल जिन्याखाली होतं. तिथे सरळ उभं राहता यायचं नाही. पण दिव्याचा उजेड कागदावर नेमका पडायचा आणि वरून माणसं गेली की पायऱ्यांचा आवाज डोक्यावरून जायचा, तो मला आवडायचा. मी तिथे सुखात होतो. 'सुखात' हा शब्द तिथे मी बदलणार नाही. कोपर आत घेऊन बसायची मला इतकी सवय झाली की मोकळ्या बाकावरही मी कडेलाच बसतो आणि शेजारी कुणी नसलं तरी थोडा सरकतो. ही हसते. म्हणते, कोण बसायचं राहिलंय अजून?

मी असा टिंबांशी उभा असताना गवंडी आला. सायकल कुंपणाला लावली, हँडलला अडकवलेला फक्कीचा डबा काढला आणि माझ्याकडे बघून विचारलं, काय आजोबा, कुणाचं काम बघताय? आता इथे सरळ सांगायला हवं होतं की मी अमक्याचा सासरा. पण ते सांगितलं की तो म्हणणार, अरे, मग या ना, बसा ना, मग घर कसं वाटलं ते विचारणार, मग चहा आणायला जाणार. हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मी म्हणालो, सहजच. जाता जाता थांबलो. खोटं बोलायला मला फार वेळ लागत नाही, निस्तरायला लागतो. गवंडी मात्र खूश झाला. बोलायला माणूस हवाच होता त्याला. म्हणाला, लहान वाटतंय ना? फक्कीतलं घर सगळ्यांनाच लहान वाटतं. पाया भरला की आणखी लहान वाटेल. मालक लोक तेव्हा माझ्याकडे असे बघतात की मीच खिशात घातली जागा. भिंती वर आल्या की मग मोठं होत जातं. एका मालकाने तर मला भर उन्हात परत मोजायला लावलं होतं, आणि परत मोजलं तर खरंच चुकलेलं निघालं, असं सांगून तो स्वतःच मोठ्याने हसला.

मी विचारलं, ही रेघ अशी का? विचारायला नको होतं. पण जाता जाता थांबलेल्या माणसाला काहीही विचारायची मुभा असते, ती मला कधी मिळत नाही, म्हणून विचारलं.

"ती म्हाताऱ्याची खोली," गवंडी म्हणाला. "मालकीणबाईंचे वडील. म्हातारा अजून हो म्हणत नाही."

मी म्हणालो, अच्छा.

मग तो सांगत गेला आणि मी ऐकत गेलो, जसं एखाद्या पुस्तकात अचानक आपल्यासारखंच कुणीतरी भेटावं आणि पान उलटताना बोटं थंड पडावीत तसं. म्हातारा पुस्तकातला किडा आहे म्हणे. म्हातारी यायला तयार आहे, पण तोंडाने म्हणत नाही. उद्या खोदायला माणसं येणार. मधली भिंत साधी अर्ध्या विटेची असती तर पुढे कधीही उभी केली असती, पण जावयाने सांगितलंय की ही भिंत जाड हवी, बाहेरच्या भिंतीसारखी, आणि जाड भिंत म्हटली की तिला स्वतःचा पाया लागतो, तो बाकीच्यांबरोबरच खोदावा लागतो. आज दुपारपर्यंत कळलं तर ठीक, नाही तर ती भिंत गेली. मग ही सगळी एकच बैठक.

"मी साहेबांना म्हटलं, मधल्या भिंतीला एवढी वीट कशाला घालता," गवंडी म्हणाला. "तर म्हणाले, अलीकडे आमचा टीव्ही आहे, पलीकडे ते वाचत बसणार. आणि पुस्तकं टेकायची आहेत त्या भिंतीला, वजन फार आहे. मी विचारलं, पण ते येणार आहेत का? तर म्हणाले, माहीत नाही, पण भिंत जाडच."

हे जावई म्हणाले होते. माझे जावई यंत्रं दुरुस्त करतात आणि माणसांशी कमी बोलतात. आम्ही दोघंच एका खोलीत असलो तर ते म्हणजे समोरासमोरची दोन बंद दुकानं. ते म्हणतात, आज उकडतंय. मी म्हणतो, हो. मग वर्तमानपत्राचं एक पान ते मला देतात आणि एक मी त्यांना देतो, आणि लेक चहा घेऊन येईपर्यंत आम्ही दोघंही वाचत असल्यासारखे दिसतो. माझी अशी खात्री होती की मी तिथे राहायला येणं त्यांना जड जाणार. कशावरून? ते काही बोलत नाहीत यावरून. आणि मी काही बोलत नाही यावरून त्यांची काय खात्री झाली असेल, हा विचार मला त्या क्षणापर्यंत शिवला नव्हता.

मी गवंड्याला विचारलं, म्हातारा काय म्हणतो पण?

"म्हणतो बघू. आता काय बघायचं राहिलंय कुणास ठाऊक. चष्म्याचा नंबर वाढला असेल." मग डबा खाली ठेवून त्याने टिंबांकडे हात केला. "मी तर ही रेघ पुरीच करून टाकत होतो काल. उगाच नाटकं कशाला. पण बाईंनी निक्षून सांगितलं, ते आत आल्याशिवाय ही बाजू बंद करायची नाही."

ते आत आल्याशिवाय. एकदा वाटलं की आपण खाली बसावं. बसायला काही नव्हतं. मी पिशवीतलं पुस्तक उगाच काढलं आणि पुन्हा ठेवलं. लेक तेव्हा पाचेक वर्षांची असेल, आम्ही तिला मुंगी म्हणायचो, कारण ती दिवसभर काही ना काही ओढून नेत असायची. उशी, वाटी, माझी चप्पल, आपल्यापेक्षा मोठी वस्तू असेल तर अधिक आनंदाने. आमची एकच खोली होती आणि खोलीत एकच टेबल, ज्यावर मी घरी आणलेली मुद्रितं बघायचो. त्या टेबलाखाली मुंगीचं घर असायचं. टेबलावरून चादरी सोडायच्या, वरून जाडजूड शब्दकोश ठेवायचे म्हणजे त्या घसरत नाहीत, आणि कडा कपड्यांच्या चिमट्यांनी जोडायच्या. तीन बाजू ती पटापट लावायची. चौथी तशीच ठेवायची. आत बसून हाक मारायची, बाबा, या. मी म्हणायचो, आलोच. एवढी ओळ. एवढा परिच्छेद. ती थांबायची. मी आत आल्याशिवाय चौथी बाजू लावायची नाही, हा तिचा नियम होता, कारण एकदा बाजू लावली की माझ्यासारखा लांब माणूस आत येताना सगळं घर पाडतो, हे तिने अनुभवाने शोधलं होतं. पण केवळ तेवढंच कारण नसावं. मग मी गुडघ्यांवर वाकून जायचो. आत जायच्या आधी टेबलाच्या पायावर टकटक करावी लागायची. हिलासुद्धा सूट नव्हती. खाऊची ताटली घेऊन ही यायची तरी आधी टकटक, मग आतून 'कोण आहे' असा प्रश्न, मग हिचं 'मी तुझी आई, आणखी कोण असणार'. मी आत गेलो की मुंगी ती चौथी चादर ओढून चिमटे लावायची, दमून बसायची आणि मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडायची. चादरीवर निळी फुलं होती. दिव्याचा उजेड त्यातून आत यायचा तो निळसर होऊन. साबणाचा वास, तिच्या केसांचा वास, माझे गुडघे हनुवटीला लागलेले. मी तिथे वाचून दाखवायचो. माझ्यासाठी म्हणून कुणी ठेवलेली जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती असं मला मघापासून वाटत होतं, ते चूक होतं. पाहिली होती. तिच्यात बसलो होतो.

आणखी एक गोष्ट, जी खरं तर मला त्या दिवशी संध्याकाळी घरी सुचली. तिथेच सुचली असती तर मी जरा हुशार ठरलो असतो. मुद्रितात एखादा शब्द चुकून खोडला गेला तर त्याच्याखाली टिंबं देतात. म्हणजे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने समजायचं की खोडलं असलं तरी हा राहू द्या. ही टिंबं मी हजारो वेळा दिली असतील. पण इथे, मातीत, माझ्या पायाशी ती दिसली तेव्हा मला पावतीच आठवली. माणूस आपलं काम शिकतो ते बहुधा कामापुरतंच.

गाडी आली तेव्हा मला लपायला जागा नव्हती. अख्ख्या घरात एक भिंत नव्हती. आधी लेक उतरली, मग तिने दार धरलं आणि काठी टेकत ही उतरली. हिने मला पाहिलं. चेहऱ्यावर आश्चर्य वगैरे काही नाही. हिला माझ्याबद्दल आश्चर्य वाटायचं केव्हाच बंद झालं आहे.

"वाचनालय इकडे हलवलं वाटतं," ही म्हणाली.

गवंड्याने माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. लेक हसू दाबत म्हणाली, हेच ते, माझे बाबा. बिचाऱ्याने जीभ चावली आणि लगेच पलीकडच्या कोपऱ्यातली खुंटी एकाएकी फार महत्त्वाची वाटू लागल्यासारखा तिकडे गेला. मला त्याची दया आली. आपण ज्याच्याबद्दल बोललो तो समोरच उभा होता, असा प्रसंग एरवी माझ्यावर येतो.

जावई गाडी लावून आले, म्हणाले, आज ऊन आहे. मी म्हणालो, हो. ही दरवाज्याच्या मोकळ्या जागेतून आत गेली. एवढी मोकळी जमीन, कुठूनही ओलांडून गेलं तरी कोण अडवणार होतं. पण ही समोरून आत गेली, बैठकीतून वळली आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच स्वयंपाकघरात शिरली. कुत्र्याने मान वर केली. लेक त्याला हाकलायला धावली तर ही म्हणाली, राहू दे, तो आपल्या आधी राहायला आलाय. मग काठी कोपरात अडकवून ही एका जागी उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे करून हवेत टेकवले. जिथे ओटा येणार तिथे, ओट्याच्या उंचीवर. तळवे सपाट. तिथे काही नव्हतं, पण हात असे ठेवले होते की त्याखाली थंड गुळगुळीत दगड असावा. आणि कुणाकडेही न बघता हिने विचारलं, इथे ऊन कधी येतं हो?

गवंडी लांबून म्हणाला, सकाळी. सकाळचं सगळं ह्याच बाजूला. ही 'बरं' म्हणाली. मग पूर्वेच्या अंगाला वळली, टिंबांपर्यंत आली आणि थांबली. पलीकडे गेली नाही. ह्या इतक्या वर्षांत मला हिने कधी ढकललं नाही, ओढलं नाही. जिन्याच्या वळणावर थांबावं तशी ही तिथे थांबली आणि कुंपणाकडे बघत राहिली, जणू तिकडे काही आलंय का ते बघतेय.

आता कुणीतरी मला विचारील असं मला वाटलं. म्हणजे वाक्य म्हणता येईल. पण कुणी विचारेना. लेक पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. जावई दोरीची एक गाठ फार लक्षपूर्वक तपासत होते. ते सगळे मला विचारणार नव्हते, हे माझ्या उशिराने लक्षात आलं. विचारलं असतं तर मी 'बघू' म्हणालो असतो, किंवा ते दुसरं, निर्दोष वाक्य म्हणालो असतो, आणि त्यांना ते ऐकावं लागलं असतं. मला खूप जणांनी जागा दिली आहे. सरकून दिली, दया येऊन दिली, भाडं घेऊन दिली, उरली म्हणून दिली. पण माझ्यासाठी कुणी काम अडवून उभं राहिलं आहे, उद्या माणसं खोदायला येणार असताना, हे काही मला झेपण्यातलं नव्हतं. मी जावयांकडे गेलो. तेवढं अंतर जायला मला दोन खोल्या ओलांडाव्या लागल्या, आणि मी सरळ भिंतींतून गेलो, हे मला नंतर हिने सांगितलं.

मी म्हणालो, "भिंत जाड घेताय म्हणे."

जावयांनी गाठ सोडली. "हो. म्हणजे, तुम्ही आलात तर. टीव्हीचा आवाज आम्ही कमीच ठेवतो, पण कुणी आलं गेलं की होतो. आणि तुम्ही वाचत असलात की मला आत यायला... म्हणजे तुमच्याकडे जुने शब्दकोश आहेत ना, ते मला मधूनमधून बघायचे असतात. यंत्रांच्या भागांना आपल्याकडे काय म्हणत असतील ते. पण तुमच्याकडे आलो की विचारायचं राहून जातं."

इतकं लांब ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर ते लाल झाले आणि पुन्हा गाठीकडे वळले. मीही लाल झालो असणार. माझं ते वाक्य, तपासून ठेवलेलं, 'अगदी' काढलेलं, तोंडात होतं तसंच राहिलं आणि तिथेच विरघळलं. मी गवंड्याकडे हात पुढे केला आणि म्हणालो, तो डबा द्या जरा.

डब्याच्या तळाला भोकं पाडलेली होती. हलवला की फक्की खाली पडायची. मी टिंबांच्या पलीकडे गेलो, म्हणजे खोलीत, आणि वाकून एका टोकापासून सुरुवात केली. टिंबाला टिंब जोडत गेलो. मुद्रितांच्या समासात मी इतक्या रेघा ओढल्या, पण अशी रेघ कधी ओढली नव्हती. ती कुठे जाड झाली, कुठे वळली, एका ठिकाणी मला शिंक आली तिथे तर तिचा ढगच झाला. मागे हिची काठी मातीत टेकल्याचा आवाज आला, एकदा, आणि मग ही माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. कंबर भरून आली तरी मी थांबलो नाही. दुसऱ्या टोकाच्या खुंटीपर्यंत रेघ नेली आणि मगच सरळ झालो. डोळ्यांत चुना गेला असावा. मी चष्मा काढून पुसला.

गवंडी रेघेकडे बघत होता. आता त्याला जपून बोलायचं होतं. तो म्हणाला, वाकडी आहे पण हरकत नाही, मी दोरी लावून घेईन. मग डोकं खाजवून म्हणाला, फक्त ते दार राहिलं.

खरंच राहिलं होतं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मी सगळी भिंत घालून टाकली होती. तीन बाजूंना बाहेरच्या रेघा, चौथी माझी, आणि आत आम्ही दोघं, सगळीकडून बंद. कुठूनही बाहेर पडायला जागा नाही.

"आता जेवायला बाहेर कसं पडायचं?" ही म्हणाली. "की मीच खिडकीतून ताट घेऊ?"

सगळे हसले. जावईसुद्धा, मान खाली घालून. मीही हसलो. लेक पुढे आली, बैठकीच्या बाजूने. तिने चप्पल काढली, आणि अनवाणी पायाने माझी रेघ पुसायला लागली; एका जागी, हळूहळू, दोन्हीकडे सारखी. मध्येच थांबून विचारलं, एवढं पुरे का? मी म्हणालो, आणखी थोडं. तिने आणखी थोडं पुसलं. आता त्या मोकळ्या जागेतून मोठं माणूस ताठ चालत आत येऊ शकलं असतं, वाकायची काही गरज नव्हती. पण ती तशी आली नाही. ती बाजूच्या खुंटीपाशी उकिडवी बसली आणि बोटांच्या पेरांनी त्या लाकडावर टकटक केली.

"कोण आहे?" मी विचारलं.

"मुंगी," ती म्हणाली. "येऊ का?"

"ये," मी म्हणालो, आणि सवयीने थोडा सरकलो. खोलीत जागा पुष्कळ होती.